आर्माच्या तुरुंगातल्या बायका, राजबंदीचा हक्क आणि आपल्या सीमाभागातल्या आया-आत्या

मार्कंडेयकाठ (वडगाव, बेळगाव)

तुरुंगातल्या उपोषणाचा विषय निघाला की आपल्याकडे जतींद्रनाथ दास आठवतात. जरा बाहेरचं वाचणाऱ्यांना बॉबी सँड्स आठवतो, १९८१ मध्ये तुरुंगात उपोषण करून मेलेला आयरिश बंडखोर. दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सँड्सच्याच लढ्यात, राजकीय कैद्याची वागणूक मिळावी या त्याच मागणीसाठी, उत्तर आयर्लंडमधल्या आर्माच्या तुरुंगात तीसहून अधिक बायका तेरा महिने स्वतःच्या घाणीत बसून राहिल्या, याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

आधी थोडी मागची हकीकत. उत्तर आयर्लंडमध्ये १९७२ साली, कैद्यांच्या उपोषणानंतरच, ब्रिटिश सरकारने तिथली ब्रिटिश सत्ता राहावी की जावी यावरच्या सशस्त्र संघर्षातल्या कैद्यांना 'विशेष दर्जा' दिला. म्हणजे स्वतःचे कपडे, तुरुंगाचं काम नाही, आपल्या लोकांत मिसळायची मोकळीक, जास्त मुलाखती, जास्त पार्सलं. राजकीय कैदी म्हणायचं सरकारने टाळलं, पण वागणूक तशीच होती. १ मार्च १९७६ पासून तो दर्जा काढून घेतला. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला प्रत्येक जण साधा गुन्हेगार.

पुरुषांनी कैद्याचे कपडे नाकारले आणि अंगावर घोंगडी गुंडाळून बसले. ते सगळ्या जगाने पाहिलं. बायकांना कपडे नाकारायची सोयच नव्हती, कारण ब्रिटिश तुरुंगांत बायकांना आधीपासूनच स्वतःचे कपडे घालता येत. मग त्यांनी काम नाकारलं. धुणं नाही, शिवण नाही, काही नाही. पहिली नाही म्हणाली ती मेरेड फॅरेल. हॉटेलात बॉम्ब ठेवल्याबद्दल १४ वर्षांची शिक्षा, वय १९. काम न करण्याची किंमत म्हणजे शिक्षेतली सूट बुडणं. कपडे, घोंगडी असं दिसण्यासारखं काहीच नसल्यामुळे बायकांचा हा बंद तीन-साडेतीन वर्षं चालूनही बाहेर कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

७ फेब्रुवारी १९८०. आर्माच्या बायकांच्या तुरुंगात त्या दिवशी जेवण एकाएकी चांगलं होतं, कोंबडी आणि ॲपल पाय. बायका वाढून घ्यायला खाली आल्या आणि पुरुष वॉर्डर आत शिरले. कोठड्यांची झडती घ्यायची होती, काळे कपडे, टोप्या, गणवेश म्हणून वापरतात ते शोधायला. मारहाण झाली. त्यानंतर कोठड्यांना कुलपं. संडासला सोडणं बंद. कोठडीतलं भांडं भरलं, वाहिलं. बायकांनी ते खिडकीतून बाहेर ओतलं, तर खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या. मग भिंतींवर. पुरुष कैद्यांनी आधीच ठरवून सुरू केलेलं हे घाणीतलं आंदोलन बायकांवर असं येऊन पडलं, आणि एकदा पडल्यावर त्यांनी ते सोडलं नाही. त्यांच्या भिंतींवर पाळीचं रक्तही होतं. पॅड मोजून मिळत, अंघोळ नाही. हे लिहिताना हात थबकतो, पण टाळलं तर अर्धी गोष्टच राहते.

डिसेंबर १९८० मध्ये फॅरेल, मेरी डॉइल आणि मेरेड न्यूजंट तिघी उपोषणाला बसल्या. १ तारखेला सुरू, १९ ला सोडलं, कारण पुरुषांनी आदल्या दिवशी सोडलं होतं. १ मार्च १९८१ ला सँड्सचं उपोषण सुरू झालं, सगळं लक्ष तिकडे जावं म्हणून घाणीतलं आंदोलन थांबवलं. पुढे दहा पुरुष मेले. ऑक्टोबरात उपोषण संपल्यावर पुरुषांना स्वतःचे कपडे मिळाले. बायकांना ते होतेच. त्यांच्या वाट्याला १९८२ च्या शेवटाला काय आलं, तर येता-जाता नागडं करून झडती.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. या लोकांना पकडायला खास कायदे होते. खटला चालवायला १९७३ पासून ज्युरी नसलेली खास कोर्टं होती. अटकेपासून निकालापर्यंत सरकार म्हणत होतं की हे नेहमीचे गुन्हेगार नाहीत. तुरुंगाच्या दारातून आत ढकललं की मात्र हेच नेहमीचे गुन्हेगार. बायकांचा नकार या दुटप्पीपणाला होता. सुखसोयींसाठी कुणी तेरा महिने असं राहत नाही.

आता हे इथे का? कारण आपल्या भागात असं घर शोधावं लागेल ज्यातलं कुणी कधी आत गेलं नाही. १९५६ चा सीमालढा, मग साराबंदी (शेतसारा न भरण्याचा सत्याग्रह), मग १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन. हुतात्म्यांची नावं आपण १७ जानेवारीला आणि १ जूनला घेतो. आत गेलेल्या बायकांची नावं कुणाकडे आहेत? त्यांना आत काय म्हणून ठेवलं होतं? ज्यांच्या घरात कुणी असेल त्यांनी लिहा.

---

राजहंसगड

ताई, विषय चांगला मांडलात, पण एका गोष्टीवर माझी हरकत आहे आणि ती जोरदार आहे. १९ एप्रिल १९७९ ला याच आर्मा तुरुंगाच्या बाहेर एक महिला वॉर्डर जेवून परत ड्यूटीवर येत होती, तिला गोळ्या घालून, बॉम्ब टाकून मारलं. चाळिशीची बाई. तिच्यासोबतच्या तिघी जखमी झाल्या. त्या बाईच्या घरच्यांसमोर 'राजकीय' म्हणून कसं उभं राहायचं? आमच्या आजोबांनी साराबंदीत शिक्षा भोगली. दगडसुद्धा उचलला नाही. त्यांना आणि हॉटेलात बॉम्ब ठेवणाऱ्या पोरीला एका ओळीत बसवणं मला मान्य नाही.

---

मार्कंडेयकाठ

राजहंसगडदादा, त्या वॉर्डर बाईचा उल्लेख या धाग्यात हवाच होता, बरं झालं तुम्ही केलात. तिचा खून हा खूनच.

पण दर्जा म्हणजे माफी नव्हे. १९७२ ते ७६ मध्ये ज्यांना विशेष दर्जा होता तेही शिक्षा भोगतच होते. आर्माच्या बायकांनी 'सोडा' म्हटलं नाही. कृत्य कशासाठी केलं हे नाकारू नका, एवढंच म्हटलं. आजोबांच्या बाबतीत सरकारने काय लिहिलं होतं? जमीनमहसूल बुडवला, जमावबंदी मोडली, हेच ना? तो कागद एकटा वाचला तर आजोबा थकबाकीदार ठरतात. राज्यकर्त्याला ठरवू दिलं तर हातात दगड असो नसो, कागदावर सगळे सारखेच उतरतात. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवूया. कृत्य योग्य होतं का, हा एक. त्याला कारण होतं हे मान्य करायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी तुमच्यासारखंच 'नाही' देईन.

---

राजहंसगड

कागदाचं पटलं. बाकीचं अजून पचलेलं नाही, पण विचार करतो.

---

येळ्ळूरची_सून

माझ्या आत्तेसासूबाई १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आत होत्या. आज ऐंशीच्या घरात आहेत. धागा वाचून दाखवला त्यांना. आर्माचं ऐकून बराच वेळ बोलल्या नाहीत, मग सांगायला लागल्या त्या थांबेचनात. कुठल्या तुरुंगात ते लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

त्या सांगतात, चौदा-पंधराजणी होत्या एका ट्रकात. बहुतेक येळ्ळूर, धामणे, सुळग्याकडच्या. शेतातनं तशाच आलेल्या, पेरणीचे दिवस की. दारात एक बाई टेबल घेऊन बसलेली. ती म्हणाली, मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून ठेवा, नियम आहे. ह्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या काकींनी विचारलं, चोरीच्या बाईला पण हाच नियम का? हो म्हटल्यावर काकी खाली फरशीवर बसल्या. मग सगळ्याजणी बसल्या. आम्ही चोर न्हवं, सत्याग्रही म्हणून लिवा, मग काय ते काढतो. टेबलावरच्या बाईने दंगल असं लिहिलं होतं. ते सगळे कन्नडमध्ये ओरडत होते आणि ह्या मराठीत, पण दोन्हीकडे सगळ्यांना सगळं कळत होतं, असं आत्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बसल्या तिथंच. लघवीला सोडलं नाही. एकीचं पोर अंगावर पिणारं होतं. शेवटी मंगळसूत्रं राहिली, बांगड्या राहिल्या, जोडवी काढली. नोंद काय झाली हे मात्र आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही. सुटताना अंगठा घेतला तेव्हा वाचून दाखवा म्हटलं तर वेळ नाही म्हणाले. आत्यांच्या मनात अजून तेच आहे. मार खाल्ला ते सांगताना रडल्या नाहीत, हे सांगताना डोळ्याला पदर लावला.

अजून एक. १९८६ म्हटलं की लोक वेश बदलून आलेल्या छगन भुजबळांचं सांगतात. सांगावं, मोठीच गोष्ट होती ती. पण आत्या म्हणतात, आम्ही तर आमच्याच लुगड्यात गेलो हुतो, आम्हाला कोण वळखतंय.

---

सांबरा_नाका

आत्यांना साष्टांग नमस्कार सांगा. बाकी काही लिहायला सुचत नाही.

---

वकील_शहापूर

कायद्याची बाजू मांडतो, कारण अनेकांना वाटतं की राजबंदी हा दर्जा आपल्याकडे आहेच.

लाहोरला १९२९ मध्ये भगतसिंग आणि साथीदारांची मागणी तीच होती, राजकीय कैद्याची वागणूक, म्हणजे माणसाचं अन्न, सक्तमजुरी नाही, पुस्तकं-वर्तमानपत्रं. जतींद्रनाथ १३ सप्टेंबर १९२९ ला, ६३ व्या दिवशी गेले. त्यानंतर ब्रिटिशांनी काय दिलं? अ, ब, क वर्ग. आणि वर्ग ठरणार कशावर, तर शिक्षण, राहणीमान, समाजातलं स्थान यावर. मागितला होता हेतूचा सन्मान, मिळाली ऐपतीची प्रतवारी. शिकलेल्या पुढाऱ्याला खाट आणि पुस्तकं, आणि त्याच्याच हाकेला ओ देऊन मीठ उचलणारी खेड्यातली बाई क वर्गात. १९३०-३२ मध्ये हे सर्रास झालं. ही प्रतवारी स्वातंत्र्यानंतरही तुरुंग नियमावल्यांत रेंगाळली.

राजकीय कैद्याची व्याख्या कायद्यात घालणारं राज्य म्हणजे पश्चिम बंगाल, १९९२ चा कायदा. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने माओवादी खटल्यातल्या काहींना त्याखाली तो दर्जा दिला, आणि पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून ते दार अरुंद करण्यात आलं. दर्जा न्यायालयात मिळू शकतो असं दिसल्याबरोबर तो काढून घेतला, हे १९७६ च्या उत्तर आयर्लंडशी किती जुळतं ते पाहा.

राजहंसगड यांच्या हरकतीवर एवढंच म्हणेन की बंगालातही वाद नेमका त्यावरच होता, हिंसेच्या आरोपीला हा दर्जा द्यावा का. मला स्वतःला वाटतं द्यावा, शिक्षा पूर्ण भोगू द्यावी.

---

वखारीतली_पोर (निपाणी)

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझी आई तंबाखूच्या वखारीत होती, मावशी विड्या वळायची. १९८१ साली निपाणीला शरद जोशींचं तंबाखू आंदोलन झालं, पुणे-बंगळूर रस्ता १४ मार्चपासून अडवून धरला होता, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. (तीन दिवसांनी, ९ तारखेला, तिकडे सँड्स तुरुंगातून खासदार म्हणून निवडून आला. तारखा शेजारी ठेवल्या की काय वाटतं ते सांगता येत नाही.) त्याच सुमाराला आमच्या वखारीतल्या बायकाही संघटित होत होत्या. खकाण्याने छाती भरलेल्या, रोजावर राबणाऱ्या बायका. मोर्चात पकडून नेलं तर यांना कुणी राजबंदी म्हटलं नाही. यांचं भांडण पोटाचं, ते 'राजकीय' थोडंच.

म्हणून मला हा दर्जाच खटकतो. आत एकाच बराकीत दोघी. एक भाषेसाठी आलेली, एक नवऱ्याच्या जाचाला कंटाळून काहीतरी करून बसलेली. पहिलीला बांगड्या राहू द्या, दुसरीच्या काढा, हा न्याय मला कळत नाही. येळ्ळूरच्या काकींबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते, 'आम्ही चोर नव्हे' हे म्हणताना चोर म्हणून आलेल्या बाईचं काय होतं?

---

मार्कंडेयकाठ

वखारीतली_पोर, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. आयर्लंडमध्येही तो विचारला गेला. तिथल्या स्त्रीचळवळीत दोन तट पडले. एक म्हणे, हा बंदूकवाल्यांचा लढा आहे, आपला नाही. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या एका स्त्री पत्रकाराने १९८० मध्येच त्यांच्या मोठ्या दैनिकात लिहून ठणकावलं की आर्मा हा स्त्रियांचा प्रश्न आहेच, कारण ज्या शरीरावर हे चाललंय ते बाईचं आहे.

तुमच्या प्रश्नाला माझं पूर्ण उत्तर नाही. पण दर्जा मागणारी बाई शेजारणीला विसरतेच असं नाही. खानापूरचे सर या विषयावर लिहिणार होते, त्यांनी लिहावं.

---

भीमगड_खानापूर

लिहितो. स्नेहलता रेड्डींचं उदाहरण मला इथे सर्वांत जवळचं वाटतं, आपल्याच राज्यातलं आहे. कन्नड रंगभूमीवरची, 'संस्कार' सिनेमातली अभिनेत्री. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, बडोदा डायनामाइट प्रकरणात (सरकारविरोधी स्फोटांच्या कटाचा खटला) संशयावरून उचललं, मिसा या खटल्याविना डांबणाऱ्या कायद्याखाली बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवलं. आरोपपत्रात शेवटी नाव आलंच नाही. बाईंना दमा. एकट्या कोठडीत, औषधपाणी वेळेवर नाही. जानेवारी १९७७ मध्ये प्रकृती हाताबाहेर गेल्यावर पॅरोलवर सोडलं आणि २० तारखेला त्या गेल्या.

वखारीतल्या ताईंसाठी मुद्दा पुढे आहे. त्या आत असताना भांडल्या कशासाठी, तर साध्या गुन्ह्यांतल्या कैदी बायकांना होणारी मारहाण थांबावी, त्यांना खाण्यालायक अन्न मिळावं यासाठी. उपोषणही केलं. मिसाबंदी म्हणून जो थोडा आवाज होता तो त्यांनी शेजारच्या बराकीसाठी वापरला. दर्जा असावा तर तो असा वापरायला असावा.

त्याच काळात मृणालताई गोरेंना अकोल्याला एकट्या कोठडीत ठेवलं होतं, शेजारी कुष्ठरोग झालेली कैदी. मधु दंडवते बंगळूरला आणि प्रमिलाताई येरवड्याला, नवराबायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत. तेव्हाचे 'मिसाबंदी' आज सन्मानाने मिरवतात, आणि मिरवावंच. २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्यांना मानधनही सुरू केलं. म्हणजे सरकार बदललं की कालचा देशद्रोही आजचा सन्माननीय. दर्जा देणं राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, यासाठी आणखी काय पुरावा हवा?

---

गडहिंग्लजचा_जावई

माहिती उत्तम. पण पाळीचं वगैरे इतकं उघड लिहायची गरज होती का? घरातली लहान मुलंही वाचतात.

---

सिस्टर_टिळकवाडी

गरज होती. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलंय मी. कोठडीत महिनेच्या महिने अंघोळ नाही, ओला कपडा बदलायला नाही, तर बाईच्या अंगाचं काय होतं ते मला वेगळं सांगायला नको. मांड्या सोलवटतात, जंतुसंसर्ग वर चढतो, ताप येतो, काहींची पाळी बंदच पडते. पुरुषांच्या आंदोलनात हा भाग नव्हता. हे झाकलं तर बायकांनी जे सोसलं त्याचा निम्मा भाग पुसला जातो.

कैदी बायकांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये बँकॉक नियम केले, त्यात पॅड विनामूल्य द्यावेत आणि नियमित पाणी मिळावं हे स्पष्ट लिहावं लागलं. इतकी साधी गोष्ट लिहायला २०१० उजाडलं, कारण त्याआधी सगळ्यांना हेच वाटत होतं की उघड कशाला बोला.

आपल्या देशात २०२२ अखेर सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांत बायका २३ हजारांच्या वर. शंभरात चार. तुरुंग बांधताना, कपडा-साबण मोजताना या चौघी कुणाच्या ध्यानात येत असतील?

---

गडहिंग्लजचा_जावई

सिस्टर, पटलं. मुलीलाही वाचायला देतो.

---

बैलहोंगलवाला

माझी मातृभाषा कन्नड, मराठी वाचतो आणि थोडं लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

बेळगावात तुम्ही सगळे रोज चन्नम्मा सर्कलवरून जाता. घोड्यावरची, तलवारवाली राणी. पण ती मेली कुठे? आमच्या बैलहोंगलच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या कैदेत, १८२९ मध्ये. १८२४ ची लढाई एवढ्या-तेवढ्या दिवसांची, कैद त्यापुढची वर्षं. तिचा पुतळा कैदी म्हणून कुणी केला नाही. ती या जिल्ह्यातली पहिली मोठी राजबंदीच म्हटली पाहिजे.

येळ्ळूरच्या अक्कांची गोष्ट वाचून वाईट वाटलं. टेबलामागची बाई माझ्या भाषेत ओरडत होती. भाषेचा वाद मी सोडवू शकत नाही आणि त्यावर माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. पण नोंदीत काय लिहिलं ते वाचून दाखवायला पाहिजे होतं. अंगठा घेण्याआधी वाचून दाखवणं, एवढं तर कुठल्याही भाषेत होतं.

---

येळ्ळूरची_सून

दादा, तुमचं हे आत्यांना वाचून दाखवते. वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. ती नोंद आता बघायला मिळेल का? आत्या आहेत तोवर.

---

वकील_शहापूर

प्रयत्न जरूर करा. माहिती अधिकारात अर्ज द्या, तुरुंगाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला आणि एक प्रत पोलिसांकडे, कारण अटकेची नोंद ठाण्याच्या डायरीतही असते. त्या कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. १९८६ कधीच त्याच्या पलीकडे गेलंय. अर्जात आत्यांचं तेव्हाचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, गाव, अंदाजे तारीख द्या. सोबतच्या ज्या हयात आहेत त्यांचीही नावं टाका आणि प्रत्येकीची सही किंवा अंगठा वेगळ्या अर्जावर घ्या, म्हणजे 'दुसऱ्याची माहिती' हे कारण सांगता येणार नाही. जुनी रजिस्टरं नष्ट केली असं उत्तर आलं तर कुठल्या आदेशाने, कधी, तो कागद मागा. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत लागतो, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये चालेल, मराठीत दिला तर परत करायला निमित्त मिळेल.

---

मार्कंडेयकाठ

वडगावातल्या दोघी आणि अनगोळच्या एक मावशी आपल्या आठवणी सांगायला तयार आहेत, त्यांचेही अर्ज यात घेऊ. येळ्ळूरला मी रविवारी येते, सगळ्यांची नावं नीट लिहून घेऊया. बैलहोंगलदादा, कन्नड मसुदा तुम्ही कराल का?

---

बैलहोंगलवाला

करतो. नावं आणि गावं देवनागरीत पाठवा, उच्चार बरोबर येऊ देत. अक्कांना अंगठ्याआधी मसुदा मराठीत वाचून दाखवा, मी दोन्ही भाषांत करून देतो.